शोभाच्या नावाचा डबा

औषधाच्या कंपनीत अकरा वर्षं काढली की माणसाला एक माज येतो. मलाही आला होता. पिरंगुटच्या पुढच्या एका कंपनीत मी पॅकिंगला आहे. सरकत्या पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं येतात. एखादा कप्पा रिकामा दिसला की ते पाकीट बाजूला काढायचं, बाकीची मोजून खोक्यात भरायची. आमच्याकडे बहुतेक टीबीच्या गोळ्या. खोक्यांवर परक्या भाषेत छापलेलं असतं, कारण माल जातो लांबच्या गरीब देशांत. पैसे श्रीमंत देश घालतात, गोळ्या आम्ही भरतो, खातात तिसरेच. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बायका म्हणायचो, "बिचारी माणसं. औषधालाबी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचं."

आणि आमची एक ठाम समजूत होती. गोळ्यांचा कडू वास आमच्या टोप्यांना, केसांना, घरी नेलेल्या रुमालालासुद्धा लागायचा. माझ्या शेजारी उभी राहणारी शोभा म्हणायची, "आपून आतून औषधानं लिंपलेल्या हाय. आपल्याला कसला टीबी हुतोय?" आम्ही सगळ्या हसायचो, पण आम्हाला ते खरं वाटायचं. मीही ते मनापासून मानत होते.

म्हणून संक्रांतीपासून खोकला लागला तरी मी दवाखान्यात गेले नाही. आलं-गूळ खाल्लं, हळद-दूध प्यायले, मास्कच्या आत तोंड दाबून खोकले. कंत्राटी काम आहे, खोकणाऱ्या बाईला पट्ट्यावर कोण ठेवतंय? संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. ब्लाउज सैल झाले तेव्हा जावेला म्हणाले, "बरं झालं, बारीक झाले."

त्या दिवशी

पाडवा झाल्यावर एकदा थुंकीत लाल दिसलं. ते आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दत्तांनी पाहिलं. त्यांनी मला गाडीवर घातलं आणि थेट तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बेडका एका मशीनमध्ये घातला. दोन तासांनी डॉक्टर मॅडमनी आत बोलावलं. वयाने माझ्या लेकीपेक्षा, पूजापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल पोरगी.

"टीबी आहे. आणि नेहमीची औषधं ज्याला लागू पडत नाहीत, तसला आहे."

मी म्हणाले, "मॅडम, मी टीबीच्या गोळ्यांच्या कंपनीत हाय."

"मग?"

मग काय. मी विचारलं, की रोज त्या गोळ्यांची धूळ नाकात जाते म्हणून तर औषध लागू पडत नाही का. त्या म्हणाल्या, "नाही हो. ज्याच्याकडून तुम्हाला लागण झाली, त्याचाच जंतू मुळात हट्टी होता. धुळीनं टीबी होत नाही आणि धुळीनं टळतही नाही." अकरा वर्षांचा माज तिथल्या तिथे उतरला.

नंतर त्यांनी चार प्रकारच्या गोळ्या टेबलावर मांडून दाखवल्या. पूर्वी या आजाराला दीड-दोन वर्षं लागायची, कुल्ल्यांची चाळण होईपर्यंत इंजेक्शनं घ्यावी लागायची. आता सहा महिन्यांत होतं. चौथ्या प्रकारची गोळी मी लांबूनच ओळखली. गेली दोन वर्षं तीच भरत होते.

पूर्ण सहा महिन्यांच्या गोळ्या एका डब्यात घालून त्यावर नाव लिहितात. हा डबा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, म्हणजे मधेच औषध तुटत नाही. माझ्या डब्यावर 'मंदाकिनी' लिहिलं होतं, गाव कासार आंबोली. नाव वाचून मला रडू आलं. दत्ता बाहेर बाकावर बसले होते. मी आल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "बरी व्हनार न्हवं?" मी मान हलवली. वाटेत त्यांनी गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला आणि स्वतः मात्र घेतला नाही.

घर

आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, दुसऱ्या एका कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या. एकीतली पोरं बातमी ऐकून तिसऱ्या दिवशी गेली. त्याच खोलीत माझी खाट पडली. खिडकी पूर्वेला आहे, दिवसभर उघडी ठेवायची होती.

सासूबाईंनी, आमच्यात आत्या म्हणतात, माझा ताट-तांब्या वेगळा केला. ओळखू यावा म्हणून पूजाची गुलाबी नेलपॉलिश घेऊन त्यावर ठिपका दिला. मला एवढा राग आला की दोन दिवस मी आत्यांशी बोलले नाही. पण पूजाची आणि दत्तांची तपासणी होऊन रिपोर्ट स्वच्छ आल्याचं कळलं, तेव्हा आत्याच देवापुढे बसून हमसून रडल्या. माणूस भितं तेव्हा वाईट वागतं. मीही वागलेच, ते पुढे सांगते.

गोळ्यांनी तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव यायची. पायांच्या तळव्यांना मुंग्या यायच्या, त्या काही आजही पूर्ण गेल्या नाहीत. पहिला महिना तर भाताचा वास आला तरी उमासे यायचे. दर आठवड्याला पौडहून रुबिना यायची. ती एका संस्थेची कार्यकर्ती, पगार बाहेरच्या देशातून. गाडी लावायची, पदर खोचायची आणि माझ्यासमोर बसून डब्यातली पाकिटं तपासायची. उलटी कधी झाली, गोळ्यांच्या आधी की नंतर, सगळं विचारायची. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हृदयाचा आलेख काढायला तीच घेऊन जायची. तिथली रांग बघून मी घाबरले की म्हणायची, "मंदाताई, ह्या समद्यांना वाटतंय आपल्यालाच झालाय. रांग बघा जरा."

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "घरच्यांची तपासणी झाली. कामावर तुमच्या अगदी जवळ कोण असतं?"

मी म्हणाले, "तसं कुणी न्हाई. सगळ्या लांब लांब उभ्या असतात."

कंपनीत मी कावीळ झाल्याचं कळवलं होतं. काविळीला कुणी नाक मुरडत नाही. शोभाचं नाव दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्याला कळलं असतं. शोभा माझ्यापासून हातभर अंतरावर उभी असायची, नऊ वर्षं. आम्ही एका डब्यात जेवायचो. ती मुठा गावची, तिकडून रोज जीपने यायची.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणाला हा आजार असेल तर माझं एवढंच ऐका, कामावरच्या माणसांची नावं द्या. काम गेलं तर दुसरं मिळतं.

हात वर केले

तिसऱ्या महिन्यात माझं वजन वाढायला लागलं होतं. लावणीचे दिवस होते. रुबिना आली ती गळ्यात बिल्ला न घालता.

"प्रकल्प बंद झाला," ती म्हणाली. "बाहेरच्या देशानं पैसे थांबवले. एका मेलवर. शुक्रवारपर्यंत समदं जमा करा म्हणाले."

"आणि तू?"

"बिल्ला जमा केला. गाडी माझीच हाय की." ती हसली, पण ते हसू उसनं होतं. नंतर माझा डबा उघडून तिने पाकिटं पाहिली. "तुमचा डबा पूर्ण हाय. तुमी घोर लावून घेऊ नका. पण नव्या पेशंटांना ती चवथी गोळी मिळंना झालीय. तीबी त्याच मदतीतून यायची. बाकीच्या तीन सरकारकडं हायेत, पण चारी असल्याशिवाय मॅडम सुरू करत न्हाईत."

मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. माझं नाव आधी लागलं होतं. चार दिवसांनी पूजाने मोबाइल आणून दिला, शोभाचा फोन होता. आवाज पार खाली गेलेला.

"मंदे, मलाबी तसलाच निघालाय. औषध न लागणारा."

माझा टीबी तिला कुणी सांगितला, हे विचारायचंही मला सुचलं नाही. ती म्हणत होती की डबा नाही, थांबायला सांगितलंय. मला मात्र एकच ऐकू येत होतं, की हे मी केलं. तीन महिने तिच्या शेजारी खोकले, आणि नंतर तिचं नावसुद्धा दिलं नाही. दिलं असतं तर तेव्हा डबे होते.

त्या दिवशी मी दत्तांना सगळं सांगितलं. ते बंगल्यांच्या बागा बघतात, मुकाट माणूस. म्हणाले, "त्या देशाचा पैसा, त्यांनी ठरवलं. आपून काय म्हननार?"

एवढं बोलले आणि माझा सगळा राग त्यांच्यावर निघाला. "तुमच्या आज्याची भाताची खाचरं धरणात गेली. त्या धरणाची वीज कुटं गेली? शहराकडं. आपल्या गावात दिवे किती वर्षांनी लागले, तुमीच सांगता ना? ज्यांच्या घरात उजेड पडला त्यांनी पुढं आपल्याकडं बघितलं न्हाई, तवा तुमी म्हनला का, की त्यांची वीज, त्यांनी ठरवलं?" मला डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं आठवत होतं. ही गोळी चालते की नाही, हे पहिल्यांदा गरीब देशांतल्या रोग्यांनी खाऊन बघितलं. स्वतःच्या अंगावर बघितलं. त्यांच्या जिवावर औषध ठरलं, मग ते बाजारात आलं. त्या पैशाला मदत म्हणायचं असेल तर म्हणा, मला तरी ते देणं लागल्यासारखं वाटतं. आणि देणं असं शुक्रवारी मेल करून थांबवता येत नाही. निदान दुसरी सोय होईपर्यंत तरी थांबायचं की नाही?

दत्ता शेवटी म्हणाले, "जेव आता. गोळ्या घ्यायच्यात तुला."

माझी अक्कल

आता मी काय केलं ते सांगते. हे आमच्यासारख्या पॅकिंगवाल्याच करू जाणोत.

माझ्याकडे चौथ्या गोळीची जवळजवळ तीन महिन्यांची पाकिटं होती. मी हिशोब केला, निम्मी शोभाला, निम्मी मला. तोवर नवा साठा येईलच. नऊ वर्षं भाकरी अर्धी अर्धी खाल्ली, गोळ्या का नाही? पाकिटांचे दोन गठ्ठे केले, कडा जुळवून, कंपनीत करतो तसे. जेवणाच्या डब्यात घालून वर भाकरी ठेवली. आत्यांना सांगितलं, शोभाला बघून येते. पिरंगुटहून जीप धरली.

शोभा पडवीत गोधडी घेऊन बसली होती, ऐन दुपारी. गालाची हाडं वर आलेली. मला बघून उठायला लागली तर धाप लागली. तिच्या नवऱ्याने मला चहा दिला, नजर न मिळवता. मी डबा उघडून पाकिटं तिच्यापुढे ठेवली. शोभाने एक उचललं, उलटं केलं, सवयीने रिकामा कप्पा आहे का ते बघितलं.

"ह्या तुझ्या हायेत."

"आपल्या हायेत. घे."

तिने घेतल्या. मी घरी येऊन पोचते तोवर तिने एक गोष्ट केली होती. आमची शोभा फार काटेकोर. तिने दवाखान्यातून मिळालेल्या नंबरवर रुबिनाला फोन करून विचारलं, "ही गोळी जेवायच्या आधी घ्यायची का नंतर?"

रुबिना तासाभरात मुठ्यात. पाकिटं ताब्यात घेऊन तिथून सरळ माझ्या दारात. मी तिला एवढी चिडलेली कधी पाहिली नव्हती.

"काय केलं हे, मंदाताई? अकरा वर्षं गोळ्या भरताय आन् अक्कल कुटं भरून ठेवली? दोघींनी अर्ध्या अर्ध्या खाल्ल्या तर दोघींचाबी जंतू शहाणा व्हतोय. मग ही गोळीबी चालनार न्हाई. मग काय खाशाल, माती?"

"ती मरायला लागलीय, रुबिना. माझ्यामुळं."

रुबिना खाली बसली. पाकिटं परत माझ्या डब्यात एकेक करून ठेवली. "तुमी तुमचा डबा पुरा करा. तिच्यासाठी म्या धावतेय," ती म्हणाली. जिला पगार देणाऱ्यांनी शुक्रवारी घरी पाठवलं होतं, ती हे म्हणत होती. ती खरंच धावली. रोज तालुक्याला, आठवड्यातून दोनदा पुण्याला, साठ्याचं काय झालं विचारायला.

गोदाम

मी घरी बसून काय करणार होते? एक काम माझंच होतं, ते केलं. कंपनीच्या गेटवर गेले आणि सुपरवायझरला सांगितलं, "साहेब, कावीळ न्हवती. टीबी हुता. शोभालाबी झालाय. पट्ट्यावरच्या सगळ्या बायकांची तपासणी करा."

ते दोन पावलं मागे सरकले. मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, एक पाऊल पुढे आले. पुढच्या आठवड्यात आरोग्य खात्याची माणसं आली आणि सगळ्यांचे बेडके तपासले. कुणालाही काही निघालं नाही. ते कळलं तेव्हा मी चुलीपुढेच बसून घेतलं.

पण गेटवर मी आणखी एक विचारलं होतं. "ती गोळी हितंच बनते. शोभाला द्यायला दोन-चार खोकी नसतील?"

"मावशी, खोकी छतापर्यंत लागलीत गोदामात," ते म्हणाले. "ज्यांनी पैसे घालायचे, त्यांनी हात वर केले. माल पडून आहे. पण त्यावर दुसऱ्या देशाचं नाव छापलंय. इथं एक पाकीट उघडलं तरी माझी नोकरी जाईल."

काखेत कळसा म्हणतात तो हा. शोभा मुठ्यात धापा टाकतेय, गोळ्या पिरंगुटात. आणि ज्या देशाचं नाव खोक्यावर होतं, तिथेही कुणीतरी बाई अशीच पडवीत बसली असेल की. आम्ही जिला 'बिचारी' म्हणायचो ती. मला गेटवर उभं राहून त्या म्हणण्याची लाज वाटली. साहेबांची चूक नव्हती, त्यांना शिव्या देऊन उपयोग नव्हता. मी घरी आले आणि माझ्या वाट्याच्या गोळ्या गिळल्या.

शोभाचा डबा

श्रावण सरता सरता रुबिनाचा फोन आला. सरकारने दुसऱ्या राज्यातला साठा फिरवून आणला होता. "शोभाताईचा डबा आलाय. नाव म्या स्वतः लिहिलंय." तिच्या आवाजात हसू होतं. मी फोन कानाला लावूनच अंगणात गेले आणि आत्यांच्या गळ्यात पडले. आत्या म्हणाल्या, "सोड, सोड, हात पिठाचे हायेत." पण त्यांनीही सोडलं नाही.

पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत हवी, असं शोभानेच कळवलं होतं. तिच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी गोळ्या तळहातावर दिल्या. शोभा एकेक बघत होती, जणू कप्पे तपासतेय. चौथी गोळी तिने शेवटी घेतली. पाणी प्यायली. तोंड उघडून दाखवलं. नर्सबाईंनी कागदावर खूण केली.

आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो. दीड महिना माझ्या जिभेवर होतं, ते मी बोलून टाकलं. "शोभे, मला माफ कर. संक्रांतीपासनं तुझ्याशेजारी खोकत हुते. आन् तुझं नाव बी दिलं न्हाई."

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. मग म्हणाली, "मंदे, तुझा खोकला संक्रांतीचा."

"व्हय."

"माझा दिवाळीचा."

"दिवाळीचा?"

"भाऊबीजंपासनं. मास्कमधी दाबून खोकत हुते. तुला कळलं न्हाई. तुला कावीळ झाली म्हनून कळलं तवा मला समजलंच हुतं, कावीळ नसनार. पन बोलले असते तर माझं काम गेलं असतं." तिचे डोळे भरून आले. "तू गोळ्या घेऊन आलीस त्या दिवशी सांगनार हुते. तोंडच उघडलं न्हाई माझं."

मला आधी असा राग आला की तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तिला खोकल्याची उबळ आली, मग मीच तिची पाठ चोळत बसले. कुणी कुणाला दिला, कुणास ठाऊक. दोघी रडत होतो आणि दोघींना हसू आवरत नव्हतं. नर्सबाई खिडकीतून बघून गेल्या.

"भांडनार न्हाईस?" शोभाने विचारलं.

"भांडनार की. लई भांडनार. पन आधी डबा संपव."

माझा डबा नवरात्रात संपला, शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला, मी परत पट्ट्यावर उभी आहे. शोभाच्या दोन महिन्यांच्या गोळ्या राहिल्यात. तिची जागा मी अजून कुणाला घेऊ दिलेली नाही.